कोण कुणाशेजारी बसतं

साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. नाव दाखल झालं, पण वर्गातली बसायची जागा वेगळीच राहिली. घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचं आणि संध्याकाळी ते परत घरी न्यायचं, कारण वर्ग झाडणारा गडी त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपाई नळ सोडेपर्यंत थांबायचं. बाबासाहेबांनी हे पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. त्याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह उघडलं. तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली राहत, मिळून स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळालं. दोन्हीकडच्या मुलांनी शिकलेलं अंकगणित आणि व्याकरण साधारण सारखंच असणार. माणूस म्हणून आपली जागा कुठे आहे, याचं शिक्षण मात्र दोन्हीकडे अगदी उलट होतं.

शाळा मुलांना घडवते असं आपण सहज म्हणतो. ती नेमकी कशाने घडवते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. आपल्याकडची चर्चा निकालाच्या टक्क्यांपासून सुरू होते, अभ्यासक्रम आणि माध्यमावर येते आणि प्रवेशाच्या रांगेत संपते. अभ्यासक्रम महत्त्वाचा आहेच. पण मुलाच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटतो तो शाळेच्या मांडणीचा, असं मला वाटतं. कोण कुणाशेजारी बसतं, कुणाला काय काम सांगितलं जातं, कुणाकडून काय अपेक्षा ठेवली जाते, डबा कुणाबरोबर उघडला जातो, या गोष्टी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतात आणि मुलं त्या रोज शिकत असतात.

या प्रश्नावरचं आधुनिक संशोधन एका धक्क्याने सुरू झालं. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. सहा लाखांवर विद्यार्थ्यांची पाहणी करून त्यांनी सांगितलं, की मुलाच्या यशात सर्वांत मोठा वाटा घरच्या परिस्थितीचा असतो. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय, दरडोई खर्च यांचा परिणाम त्यामानाने थोडा. अनेकांनी याचा अर्थ ‘शाळेने काही फरक पडत नाही’ असा घेतला आणि सरकारी शाळांवर खर्च कशाला, असं म्हणणाऱ्यांच्या हाती आयतंच कारण आलं. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मागे पडली. शाळेशी संबंधित बाबींमध्ये सर्वांत प्रभावी ठरली होती ती वर्गातली इतर मुलं. गरीब घरातलं मूल कुणाच्या सोबतीने शिकतं यावर त्याची प्रगती बरीच अवलंबून होती.

मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये लंडनच्या बारा माध्यमिक शाळांचा अभ्यास ‘पंधरा हजार तास’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध केला. पाचव्या वर्षापासून शाळा सुटेपर्यंत मूल साधारण एवढे तास तिथे घालवतं. साधारण सारख्याच वस्त्यांतून आलेल्या मुलांच्या या शाळा होत्या, पण हजेरी, वर्तन, गुन्हेगारीकडे वळण्याचं प्रमाण आणि निकाल यांत त्या एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या निघाल्या. हा फरक इमारतीच्या वयाने किंवा आकाराने ठरत नव्हता. गृहपाठ दिला जातो का आणि तपासला जातो का, मुलांचं काम भिंतीवर लागतं का, शिक्षेपेक्षा कौतुक जास्त होतं का, मुलांवर जबाबदाऱ्या सोपवल्या जातात का, शिक्षक वेळेवर वर्गात येतात का, अशा साध्या बाबींनी तो ठरत होता. चांगल्या जिल्हा परिषद शाळेत पाय ठेवल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जे जाणवतं, तेच रटर यांनी मोजून दाखवलं.

महाराष्ट्राला हे कळायला लंडनच्या अभ्यासाची वाट पाहावी लागली नव्हती. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आजही वाचावा असा आहे. त्यात धर्माला, राज्यकर्त्यांना आणि समाजाला थेट प्रश्न विचारलेले आहेत. अक्षरओळख तिला इतरत्रही कुणी करून दिली असती. आपल्या जातीवर होणारा अन्याय हा लिहून जगापुढे ठेवण्याचा विषय आहे आणि ते लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, हा विश्वास मात्र त्या शाळेने दिला.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. त्यांच्या एका निर्णयाची चर्चा मात्र कमी होते. अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यावं, असा आदेश त्यांनी १९१९ मध्ये दिला. वेगळी शाळा चांगली चालली तरी ती वेगळेपणच शिकवते, हे या राजाला पुरतं उमगलं होतं. भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली तीही १९१९ सालीच.

भाऊरावांच्या कामावर थोडं थांबलं पाहिजे. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आज गरीब विद्यार्थ्याला चार पैसे मिळवून देण्याची सोय एवढ्याच अर्थाने उरली आहे. मूळ कल्पना यापेक्षा बरीच मोठी होती. ज्या समाजात हाताने काम करणं हे खालच्याचं आणि पुस्तक वाचणं हे वरच्याचं, तिथे प्रत्येक मुलाने कुदळही धरायची आणि पुस्तकही. पाणी भरणं, दळण, शेतातलं काम, भांडी हे सगळं पाळीने. पाटलाचं पोर आणि महाराचं पोर एकाच चुलीपाशी भाकरी भाजायला बसलं की जातीवर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. खेड्यापाड्यांतून पुढे आलेल्या शिक्षक, कारकून, अधिकारी, लेखक, कार्यकर्त्यांच्या दोन-तीन पिढ्या या बोर्डिंगांतून निघाल्या. त्यांच्या आत्मचरित्रांत कुठल्या विषयाला किती गुण मिळाले हे क्वचितच सापडतं. रात्रीच्या कंदिलाभोवतीची मुलं, मेसची आमटी आणि खांद्यावर हात ठेवणारे एखादे गुरुजी मात्र हमखास सापडतात.

दुसरा प्रयोग ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीतला, आजच्या पालघरचा. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांबरोबर त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर काम उभं केलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं राखायची होती आणि धाकटी भावंडं सांभाळायची होती. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांनाही दिला नाही. शाळाच उचलून कुरणात नेली, ती कुरणशाळा. पाड्यातल्या अंगणात बालवाडी भरवली, ती अंगणवाडी. १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं. दगड, पानं, शिंपले यांवर मोजायला शिकलेल्या त्या मुलांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी समजत होती: शिकायला आपलं जगणं टाकून यावं लागत नाही. आश्रमशाळेत पाऊल टाकताच स्वतःची बोली गिळणाऱ्या आजच्या मुलांकडे पाहिलं की कोसबाडचा हा धडा किती मागे पडला ते दिसतं.

आता वर्गाच्या आत येऊ. अनेक शाळांत आजही पहिल्या घटक चाचणीनंतर तुकड्या पाडल्या जातात. हुशार मुलं ‘अ’ तुकडीत, आणि ‘ड’ तुकडीत जायचं म्हणजे काय हे पाचवीतल्या पोराला कुणी समजावून सांगावं लागत नाही. अनुभवी शिक्षक ‘अ’ला, नवीन रुजू झालेला शिक्षणसेवक ‘ड’ला. वर्षभराने ‘ड’चा निकाल कमी लागतो आणि तुकडी बरोबर पाडली होती असं सिद्ध झाल्यासारखं वाटतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशच्या खेड्यांतल्या सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात जाहीर केली नव्हती तेव्हा उच्चवर्णीय आणि दलित मुलांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडवली. मग प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात सर्वांदेखत वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, कोडीही त्याच प्रकारची. फरक एवढाच, की आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं जातंय याची मुलांना आठवण करून दिली गेली.

आपल्या शाळांत शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना भर वर्गात ‘अमुक जातीची मुलं उभी राहा’ असं सांगितलं जातं, तेव्हा शिक्षकाच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. त्याला शुक्रवारपर्यंत यादी पोर्टलवर भरायची असते. पण उभं राहिलेल्या मुलाच्या मनात काय होतं, ते या प्रयोगाने दाखवलं आहे. ही माहिती शाळेच्या दफ्तरात प्रवेशापासून असतेच. वर्गात हाक मारायची गरज नाही.

मुलगा आणि मुलगी यांच्या बाबतीतही शाळेची मांडणी न बोलता बोलत असते. पाहुणे आले की ओवाळायला मुली, बाकं हलवायला मुलगे. ही मांडणी बदलली तर काय होतं? मुंबईत २००८ पासून कोरो, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्त्री-संशोधन केंद्र यांनी महापालिका शाळांतल्या १२ ते १४ वयाच्या मुलामुलींबरोबर काम केलं. घरकाम कुणाचं, चिडवणं म्हणजे काय, राग आल्यावर काय करायचं, यावर वर्गात मोकळं बोलणं घडवून आणलं. पुढे हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळांत अशाच कार्यक्रमाची मोठी पाहणी झाली. मुलामुलींच्या समतेविषयीच्या मतांत फरक पडला आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही तो टिकून होता. तरी वागण्यातला बदल मुलांमध्ये जास्त, मुलींमध्ये कमी दिसला. मुलगा स्वतःच्या इच्छेने घरात झाडू हाती घेऊ शकतो. मुलीने बाहेर पडायचं तर घरच्यांची परवानगी लागते. शाळेच्या ताकदीची मर्यादा इथे स्पष्ट दिसते.

परवानगीचा प्रश्न पुष्कळदा अंतराचा असतो. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने वाढली, आणि वाढ मुख्यतः शाळेपासून दूरच्या गावांत झाली. महाराष्ट्रात एसटीचा अहिल्याबाई होळकर मोफत पास हेच काम करत आला आहे. म्हणून २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून जास्त शाळा ‘समूह शाळे’त मिसळण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा वाडीवस्तीवरचे लोक अस्वस्थ झाले ते उगाच नाही. पाच मुलांच्या शाळेत खेळायला भिडू मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे आणि मोठ्या शाळेत मुलं जास्त फुलतात हेही मान्य. पण ओढ्यापलीकडच्या शाळेत सातवीतली मुलगी पावसाळ्यात जाणार नाही आणि एकदा दिवाळीपर्यंत घरी राहिली की परत येणार नाही, हेही तितकंच खरं.

असाच तुटलेला वर्षाचा धागा ऊसतोड कामगारांच्या मुलांचा. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून कोयते निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. मधले सगळे महिने मूल फडात, वासरांपाशी किंवा धाकट्या भावापाशी. साखरशाळा आल्या, हंगामी वसतिगृहं आली. जिथे ती वेळेवर सुरू होतात तिथे आजी-आजोबांच्या आधाराने मूल गावातच राहतं. अनुदान उशिरा आलं की गाड्या तोवर गावाबाहेर पडलेल्या असतात.

शाळेची सवय किती नाजूक असते हे कोविडने दाखवलं. मार्च २०२० मध्ये बंद झालेले प्राथमिक वर्ग राज्यात डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. वाचन मागे पडलं हे सर्वांनी सांगितलं. त्याहून कमी बोललं गेलं ते मुलांच्या एकमेकांतल्या वागण्यावर. रांगेत थांबणं, भांडून पुन्हा बोलायला लागणं, दुसऱ्याचं संपेपर्यंत ऐकणं, हे सगळं नव्याने शिकवावं लागलं, असं तेव्हाच्या दुसरी-तिसरीच्या शिक्षकांशी बोलताना वारंवार ऐकायला मिळालं.

कोविडशिवायही एक वयोगट शाळेबाहेर गेला आहे आणि तो आपण पालकांनीच पैसे भरून बाहेर काढला आहे. अकरावी-बारावी. विज्ञान शाखेतल्या हजारो मुलांचं नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात असतं आणि मूल सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये. याला ‘इंटिग्रेटेड’ किंवा ‘टायअप’ म्हणतात. राज्य सरकारने २०१८ मध्ये बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करून पाहिली, पण व्यवस्था बदलली नाही. लातूर पॅटर्न सुरुवातीला कॉलेजच्याच आवारात, तिथल्या प्राध्यापकांच्या जादा तासांतून उभा राहिला होता. आता आवारच उरलेलं नाही. सोळा ते अठरा हे वय वादविवादात पहिल्यांदा हरण्याचं, नाटकात पडदा ओढण्याचं, न आवडणाऱ्या वर्गमित्राबरोबर प्रयोगशाळेत काम करण्याचं, मैत्री आणि आकर्षण यांतला फरक चाचपण्याचं. त्या दोन वर्षांत मुलाला फक्त चाचणी परीक्षेतला क्रमांक भेटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक. प्रत्येक मृत्यूमागची कारणं वेगळी आणि गुंतागुंतीची असतात. सगळं ओझं क्लासवर टाकणं अन्यायाचं ठरेल. तरी ज्या मुलाला दिवसभरात गुणांखेरीज दुसऱ्या कशासाठीच कुणी ओळखत नाही, ते गुण घसरल्यावर कुणाकडे जाणार, हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही.

आणि शेवटी पुन्हा सोबतीचा मुद्दा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपण मुलांची जेवढी वर्गवारी केली तेवढी क्वचितच झाली असेल. फीनुसार शाळा, बोर्डानुसार शाळा, माध्यमानुसार शाळा. डॉक्टरांची मुलगी आणि त्यांच्या दवाखान्यातल्या मावशींची मुलगी तालुक्याच्या गावी एका बाकावर बसायची, ते दृश्य दुर्मीळ झालं आहे. शिक्षण हक्क कायद्यातली २५ टक्के जागांची तरतूद या वर्गवारीला पाडलेलं एक भगदाड होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलैमध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं.

गरीब मुलं वर्गात आली तर आपल्या मुलाचं नुकसान होईल, ही भीती पालकसभेत दबक्या आवाजात बोलली जाते. गौतम राव या अर्थतज्ज्ञाने दिल्लीच्या महागड्या शाळांत नेमकं हेच तपासलं. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुलं अधिक उदार झाली होती. पळण्याच्या शर्यतीसाठी साथीदार निवडताना ती कपड्यांकडे नाही, वेगाकडे पाहत होती, आणि गरीब मुलांबरोबर खेळायला जायला जास्त तयार होती. अभ्यासावर परिणाम फारसा नव्हता; इंग्रजीत थोडी घसरण दिसली, गणित आणि हिंदीत नाही. या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षराने पाडलेले होते. त्यामुळे ज्यांच्या गटात योगायोगाने गरीब मूल आलं, त्यांच्यात हा बदल ठळक होता. नुसतं एका शाळेत असून भागत नाही, एका गटात बसावं लागतं.

आपल्याकडे प्रवेशाची लॉटरी लागल्यावर पुढे काय होतं, इकडे कुणी पाहत नाही. सरकार शाळेला फीची भरपाई करतं, तीही रखडत. गॅदरिंगचा पोशाख, सहलीची वर्गणी, प्रकल्पाचं सामान हे आईबापांनी भरायचं. सहलीच्या दिवशी घरी राहिलेली मुलं कोण आहेत हे दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला कळतं. ज्या शाळांनी ही मुलं घेतली आहेत त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच अभ्यासाचे, प्रयोगाचे आणि खेळाचे गट हजेरी क्रमांकाने पाडावेत, दर सत्राला ते बदलावेत आणि सहल किंवा गॅदरिंगचा खर्च असा ठेवावा की एकही मूल त्यामुळे मागे राहणार नाही. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचं कारण नाही. मुख्याध्यापकांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरवलं तरी पुरेसं आहे.